रजिस्टरं नंतर, आधी कॉफी मॉर्निंग

इंग्लंडमधल्या खेड्यात राहायला आलात आणि घराचा इतिहास शोधायचाय, तर आल्या आल्या जुन्या नोंदींत डोकं घालू नका. गावच्या हॉलमधल्या कॉफी मॉर्निंगला जा, केक घ्या, म्हाताऱ्यांशेजारी बसा. तुमच्या घरात पूर्वी कोण राहायचं, ते तिथेच कळेल. मग कागद. जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदी. त्याआधी पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची, रजिस्टरं, १५३८ पासूनची, पण सगळीकडे टिकलेली नाहीत. एक गोम सांगतो: १७५२ पूर्वी तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे फेब्रुवारी त्याच वर्षीच्या एप्रिलनंतर यायचा. एप्रिल १७२० चं लग्न आणि फेब्रुवारी १७२० चा बाप्तिस्मा पाहून मी उगाच भुवया उंचावल्या होत्या. मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालं होतं! आणि थडग्यांवरचं शेवाळ खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात.