मेलबर्नमध्ये तीनच दिवस मोकळे असतील तर कोणते खासगी गोल्फ कोर्स खेळावेत?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात लेकीच्या पदवीदानासाठी मेलबर्नला येताय, तीन दिवस मोकळे आहेत, हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 18 आहे आणि पुण्यात क्लबचे सभासद आहात. यादीत चार नावं आहेत: रॉयल मेलबर्न, किंग्स्टन हीथ, व्हिक्टोरिया आणि मेट्रोपॉलिटन. मी बारा वर्षं याच भागात राहतो आणि हे चारही खेळलोय. माझं मत विचाराल तर दोनच घ्या. रॉयल मेलबर्नचा वेस्ट (त्या क्लबचे वेस्ट आणि ईस्ट असे दोन कोर्स आहेत) आणि किंग्स्टन हीथ. तिसऱ्या दिवसाचं शेवटी सांगतो.

आधी इथली जमीन समजून घ्या, कारण माझी सगळी निवड तिच्यावरच ठरते. शहराच्या आग्नेयेला वाळूचा एक पट्टा आहे, त्याला इथे सँडबेल्ट म्हणतात. तुमच्या यादीतले चारही क्लब त्यातच, एकमेकांपासून गाडीने फार लांब नाहीत. वाळूमुळे पाणी लगेच मुरतं आणि उन्हाळ्यात जमीन टणक होते. त्या वाळूत थोडा चिकटपणाही आहे, म्हणून बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्याची, कड उभी कापली तरी ढासळत नाही आणि बंकर थेट ग्रीनला, म्हणजे झेंडा असलेल्या बारीक गवताच्या भागाला, येऊन भिडतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतरच्या ओलसर ग्रीनवर झेंड्याच्या दिशेने वेजने, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने, मारायची सवय असते. इथे तसा मारलेला चेंडू टप्पा घेऊन मागच्या उतारावरून खाली जातो. वेस्टवरच्या पहिल्याच फेरीत माझे पहिले चार होल असेच गेले. पाचव्यापासून मी सात नंबरची आयर्न, म्हणजे चेंडू कमी उंच नेणारी काठी, काढली, चेंडू ग्रीनच्या बराच अलीकडे टाकला आणि पुढचं काम उतारावर सोपवलं. गोल्फ असाही असतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो आनंद तुम्हाला मिळावा म्हणूनच एवढं लिहितोय.

वेस्ट पहिला का? 1926 मध्ये या क्लबने ब्रिटनहून अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीला बोलावलं. तो काही आठवडेच ऑस्ट्रेलियात होता. त्याचा आराखडा प्रत्यक्षात उतरवला तो अ‍ॅलेक्स रसेल आणि मुख्य ग्रीनकीपर (मैदानाची निगा राखणारा) मिक मॉरकम यांनी. कोर्स 1931 साली खुला झाला, पण मॅकेन्झी पुन्हा इकडे आला नाही. याच माणसाने पुढे बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा नॅशनल आखला. अठरा हँडिकॅपवाल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे इथले फेअरवे (ग्रीनकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) प्रशस्त आहेत, टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, चेंडू हरवत नाही. मात्र कोणत्या बाजूला पडला यावर पुढचं सगळं अवलंबून. बहुतेक होलवर बंकरच्या जवळून जायची हिंमत केली तर ग्रीनचं तोंड उघडं मिळतं, लांबची सुरक्षित बाजू धरली तर समोर दुसरा बंकर आडवा येतो. प्रत्येक टीवर आधी ग्रीन बघा, मग ड्राइव्हची, म्हणजे पहिल्या लांब फटक्याची, दिशा ठरवा. पाचवा होल, दरीपलीकडचा पार तीन (तीन फटक्यांत पुरा होणं अपेक्षित असलेला होल), आणि दहावा, डावीकडे वळणारा छोटा पार चार, ज्याच्या कोपऱ्यावर प्रचंड बंकर आहे, या दोन्ही ठिकाणी क्षणभर थांबून नुसतं बघा.

एक खुलासा. 1998, 2011 आणि 2019 च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकी जगाचा संघ) टीव्हीवर जो कोर्स दिसला तो तुम्हाला खेळायला मिळणारा कोर्स नव्हे. स्पर्धेसाठी वेस्टचे बारा आणि ईस्टचे सहा होल जोडतात, म्हणजे प्रेक्षकांना रस्ते ओलांडावे लागत नाहीत. 1959 च्या कॅनडा कप या देशांच्या सांघिक स्पर्धेपासून ही पद्धत आहे. त्यामुळे क्लबला लिहिताना स्पष्टपणे वेस्ट मागा.

किंग्स्टन हीथची जागा तुलनेने लहान आणि बरीचशी सपाट. डॅन सूटरने होल आखले, बंकर मॅकेन्झीचे. पंधरावा पूर्वी आंधळा (ग्रीन न दिसणारा) पार चार होता, त्याचा चढावरचा पार तीन करायचं मॅकेन्झीनेच सुचवलं. माझे वडील नाशिकहून आले होते तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. त्या पंधराव्यावर त्यांचा टी-शॉट डावीकडच्या बंकरच्या रांगेत गेला, तीन फटक्यांत बाहेर आला, आणि तरी ते म्हणाले, "असा होल मी आयुष्यात पाहिला नव्हता." आजही फोनवर त्याचंच बोलतात. सपाट जमिनीवर नुसत्या बंकरांच्या मांडणीने एवढं वैविध्य कसं आणता येतं, हे बघायला तरी इथे याच. टायगर वुड्सने 2009 ची ऑस्ट्रेलियन मास्टर्स याच कोर्सवर जिंकली.

व्हिक्टोरिया सोडताना मला वाईट वाटतं. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या पीटर थॉमसनचा हा क्लब. आपल्यालाही तो परका नाही: 1964 ची पहिली इंडियन ओपन त्याने जिंकली, बंगळुरूचा कर्नाटक गोल्फ असोसिएशनचा कोर्सही त्याचाच. चार दिवस असते तर हाच तिसरा सुचवला असता. मेट्रोपॉलिटनची निगा अप्रतिम आहे, पण दोन फेऱ्यांत तो बसत नाही.

आता व्यवहाराचं. तुमच्या क्लबच्या सचिवांकडून परिचयपत्र आणि हँडिकॅपचा दाखला घ्या, आणि आजच मेल करा. परदेशी पाहुण्यांना ठरावीक दिवशीच वेळ मिळते. शनिवार मागू नका, तो सभासदांच्या स्पर्धांचा. फी शेकडो डॉलरांत जाते, दोनवर थांबा म्हणण्याचं तेही एक कारण. पुण्यात कॅडी पिशवी उचलतो, चेंडू शोधतो, पुटची (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायच्या फटक्याची) रेघ सांगतो. इथे बहुधा तुम्ही एकटेच, पिशवीची हातगाडी ढकलत चालायचं. सोबत वाळूची छोटी बादली देतात, फटक्याने उखडलेल्या गवताच्या जागी ती वाळू भरायची. ते विसरू नका, सभासद त्याकडे फार बारकाईने बघतात.

दोन फेऱ्यांच्या मध्ये एक दिवस ठेवा. मी एकदा पाहुण्यांबरोबर सलग तीन दिवस तीन कोर्स खेळलो, तिसऱ्यातला एकही होल धड आठवत नाही. त्या मधल्या दिवशी दुपारी सँडी गोल्फ लिंक्सला जा. रॉयल मेलबर्नच्या अगदी समोर आहे, सार्वजनिक आहे, पत्र-दाखला काही लागत नाही आणि फी खासगी क्लबांच्या मानाने अगदी कमी. 2021 मध्ये तो नव्याने घडवून खुला केला. वाळू तीच. डिसेंबरात साडेआठपर्यंत उजेड असतो, लेकीलाही घेऊन जा.