वाचक विचारतात : जुन्या व्हॅनची पुढची बाजू खडखडते तेव्हा

प्रश्न : माझी जुनी मारुती ओम्नी आहे. मागच्या सीट काढून बिछाना, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवली आहे. खड्ड्यातून गेलं की पुढे डावीकडून ‘खट्’ आवाज येतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते. गॅरेजमध्ये दोन्ही स्ट्रट (स्प्रिंगसकट उभे शॉक अ‍ॅब्सॉर्बर), आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे खालचे दांडे), सगळंच बदला म्हणतात. बजेट आठ हजारांचं आहे. चतुर्थीनंतर चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय. आधी काय करू? — वाचक, म्हापसा

उत्तर : सगळं एकदम बदलू नका. आधी ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधा. या तपासणीला जॅक, दोन स्टँड, एक पहार आणि मदतीला एक माणूस एवढंच लागतं.

आवाजावरून बराच अंदाज येतो. खड्ड्यात एकदाच ‘खट्’ झालं तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) किंवा आर्मचा बुश (आर्म बॉडीला बसतो तिथलं रबर). बारीक खडीवर सतत कटकट असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडतो तो सांधा) किंवा स्ट्रटचं वरचं माउंटिंग. स्पीडब्रेकरवर ‘धप्’ करून गाडी खाली आपटत असेल तरच पहिला संशय स्ट्रटवर घ्यायचा. तुमच्या वर्णनात स्ट्रटचं लक्षण एकही नाही.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढची बाजू बॉडीखालून उचलून स्टँडवर ठेवा, चाकं लोंबती राहू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे; तशीच राहिली तर बॉल जॉइंटमध्ये. खात्रीसाठी आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांच्या मध्ये पहार घालून हलकेच उचकटा. तिथे डोळ्यांना दिसेल इतका खेळ (ढिलाई) असेल तर तो जॉइंट संपला. मग चाकं जमिनीवर टेकवून मदतनिसाला स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करायला सांगा आणि टाय रॉड एंडवर बोट ठेवा. रॉड हलतोय पण चाक मागाहून हलतंय, असं लागलं की एंड बदलायचा.

ब्रेकला एका बाजूला ओढणं आर्मच्या फाटलेल्या रबर बुशमुळेही होतं. ब्रेक लागला की चाक मागे सरकतं आणि त्याची दिशाच बदलते. बुश पहारीने हलवून पाहा. रबर लोखंडापासून सुटलेलं दिसेल. मात्र उजवा ब्रेक कमी धरत असेल तरीही गाडी डावीकडेच जाते, म्हणून दोन्ही चाकांचे ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय बुशवर खर्च करू नका.

पैशांचा क्रम असा ठेवा : बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश आणि शेवटी स्ट्रट. पहिले दोन भाग तुटले तर चाक हातातून जातं. घाटाच्या वळणावर तिथे तडजोड नको. बुश स्वस्त असतात, ते दोन्ही बाजूंचे एकदम घाला. स्ट्रटवर तेलाचा नुसता ओलसर थर असेल तर तो अजून चालेल. तेलाचे ओघळ असतील, किंवा पुढचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत असेल, तर बदला, पण जोडीनेच.

बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बॉल जॉइंट काढताना त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नका. पुलर (सांधा ओढून सोडवायचं हत्यार) लावा, नाहीतर नकलच्या डोळ्याच्या दोन्ही अंगांनी एकाच वेळी दोन हातोडे मारा. जॉइंटचा निमुळता दांडा आपोआप सुटतो. नवीन जॉइंटला कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून भोकातून घालतात ती) नवीनच. भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही. टाय रॉड एंड काढण्यापूर्वी उघड्या आट्यांची लांबी मोजून ठेवा, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत (चाकांची दिशा मापून जुळवून घेईपर्यंत) गाडी सरळ जाईल.

सगळ्यात जास्त चूक होते ती बुशचा बोल्ट आवळताना. चाक लोंबत असताना तो पूर्ण आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आल्यावर रबराला पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. बोल्ट आधी हलका लावा, गाडी चाकांवर उतरवा, चार-पाच वेळा दाबून हलवा आणि मगच पूर्ण आवळा.

स्ट्रट काढावाच लागला तर मधला वरचा नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस कायमचा जायबंदी होतो. स्प्रिंग दाबायचे कंप्रेसर दोन, समोरासमोर, आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. हत्यार नसेल तर एवढं काम गॅरेजला द्या.

अलाइनमेंटला जाताना टाकी भरलेली आणि बिछाना, शेगडी जागेवर ठेवा. 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो, आणि 19 मिमी प्लायचा 8 बाय 4 चा एक तुकडाच 30 किलोच्या वर जातो. हे वजन मागे पडलं की मागचे पाटे बसतात, पुढची बाजू उचलते आणि रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप प्रवासात चुकतं. त्यानंतर घाटाआधी सपाट रस्त्यावर 50 किमी चालवून चाकांचे नट पुन्हा तपासा.

प्रश्न : व्हॅन मोरजीला किनाऱ्याजवळ उभी असते. स्ट्रट वर जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा फुगलाय. फायबर आणि पुट्टी लावून चालेल का? — वाचक, पेडणे

उत्तर : नाही. पुढच्या चाकाचा प्रत्येक धक्का त्याच जागी येतो; पुट्टी फक्त गंज झाकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आणि टोकाने टोचून पाहा. टणक आवाज आला तर गंज वरवरचा आहे : घासून प्रायमर आणि अंडरकोट द्या. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं तर चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागेल, आणि नवीन स्ट्रट त्यानंतरच. ग्राइंडर सुरू होण्यापूर्वी शेगडीचा सिलिंडर गाडीतून लांब न्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडीला एलपीजी किट असेल तर वेल्डिंगवाल्याला आधीच सांगा. टाकी काढल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

पुढे हे टाळायचं तर खालून गोड्या पाण्याने धुवा. खारं वारं आहेच, पण पावसात आर्मच्या खोबणीत बसणारी तांबडी माती ओल धरून ठेवते आणि गंज तिथेच सुरू होतो. पाण्याचा जोर बॉल जॉइंटच्या रबरी टोपीवर थेट मारू नका.

प्रश्न : भंगारातून कोणते भाग घ्यावेत? — वाचक, फोंडा

उत्तर : नकल, वाकलेला नसलेला आर्म आणि स्प्रिंगची जोडी. दोन्ही स्प्रिंग जमिनीवर शेजारी उभ्या करून उंची सारखी आहे का पाहा, आणि वेढ्यांवर चीर नाही ना ते पुसून तपासा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश आणि स्ट्रट मात्र नवीनच घ्या. बॉल जॉइंटची टोपी नुसती फाटली असेल, आत माती गेली नसेल आणि खेळही नसेल, तर नवी टोपी आणि ग्रीस पुरतं. ग्रीस बोटावर चोळल्यावर कचकच लागली तर जॉइंट बदला.