आता हे सादर कोणाकडे करायचं?

आपल्याकडे एका पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै अशी लावून टाकली, त्यामुळे शासकीय कार्यालयांत मे आणि जूनअखेरीस निरोप समारंभांची रांग लागते. त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी त्यांतील काही जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. प्रश्न बहुधा एकच असतो: निवृत्तीनंतर जगण्याला काही अर्थ उरतो का, आणि उरत नसेल तर दिवस कसा काढायचा?

ज्यांच्याविषयी येथे सांगत आहे ते गृहस्थ जानेवारीत, पत्नीच्या आग्रहाने, नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या खोलीत आले. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ३१ मे रोजी, ५८व्या वर्षी, आस्थापना शाखेतून ते निवृत्त झाले होते. सेवापुस्तके, वेतननिश्चिती आणि इतरांची पेन्शन प्रकरणे यांत त्यांची ३४ वर्षे गेली होती. मुलगा पुण्यात, घर स्वतःचे, कर्ज नाही. पत्नीने पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. ती घरची आवक-जावक नोंदवही होती. दूधवाला किती वाजता आला, सिलिंडर कधी लागले, सूनबाईंचा फोन कधी आला, या सगळ्यांना लाल शाईत अनुक्रमांक होते. "आता माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून राहिले हे," त्या म्हणाल्या. "तिखटाच्या डब्यावरही!" गृहस्थ हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला दिला, मॅडम. तेवढाच एक कागद, ज्याची कोणाला गरज होती."

अशा वेळी समुपदेशकाने लगेच तत्त्वज्ञानाकडे वळू नये, असे माझे मत आहे. झोप, भूक, वजन यांविषयी मी विचारले. जीव नकोसा वाटतो का, हेही आडपडदा न ठेवता विचारले. वृद्धांमधील नैराश्य पडताळण्याची १५ प्रश्नांची प्रश्नावली त्यांनी भरली, आणि थायरॉइड व बी-१२ यांची तपासणी त्यांच्या डॉक्टरांकडून करून घेतली, कारण यांतील बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. उपचार लागावेत असे नैराश्य आढळले नाही. आढळले असते तर मी त्यांना प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

त्यानंतर माझी चूक झाली. मी त्यांना वेळापत्रक आखून दिले: सकाळी अंबाझरीला फेरी, दुपारी वाचनालय, संध्याकाळी हास्यमंडळ. तीन आठवड्यांनी ते परतले तेव्हा प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण होती, खाली दिनांकासह स्वाक्षरी होती, आणि चेहरा होता तसाच होता. "सगळं केलं, मॅडम. आता हे सादर कोणाकडे करायचं?"

या वाक्याने मला भानावर आणले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी निवृत्तीच्या टप्प्यांत सुरुवातीच्या उत्साहानंतर येणारा भ्रमनिरासाचा काळ वर्णिला आहे. प्रत्येक जण त्यातून जातोच असे नाही. पण जे जातात त्यांना आपण छंद सुचवत बसतो. या गृहस्थांकडे वेळ घालवण्याची साधने पुष्कळ होती. त्यांच्या कामाची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते.

मग मी वेगळा प्रश्न विचारला: "आजही आठवते अशी एखादी फाइल सांगा." ते तासभर बोलले. एका शिपायाच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकले होते, कारण सेवापुस्तकात तिचे माहेरचे नाव होते आणि बाकी सर्व कागदांवर सासरचे. त्यांनी प्रतिज्ञापत्र करून घेतले, नामनिर्देशन शोधून काढले आणि प्रस्ताव नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात पुन्हा पाठवला. निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर ती बाई गावाहून जवसाची चटणी घेऊन आली. किती रक्कम मंजूर झाली हे त्यांना आठवत नव्हते. चटणीचा डबा पितळी होता, हे आठवत होते.

आज ते मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन तास वस्तीतील देवळाच्या ओट्यावर बसतात. कोणाचा हयातीचा दाखला, कोणाचा आगाऊ एकरकमी घेतलेला निवृत्तिवेतनाचा भाग (अंशराशीकरण) १५ वर्षांनी पूर्ववत झाला की नाही याचा हिशोब. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही म्हणून घाबरलेल्या आजींना चेहरा दाखवूनही डिजिटल दाखला काढता येतो, हे ते समजावून सांगतात. पैसे घेत नाहीत. सुरुवातीला लोकांवर साहेबी आवाजात ओरडले, तेव्हा दोन शुक्रवार ओट्यावर कोणी फिरकले नाही. त्यावरही आम्हाला बोलावे लागले. स्वयंपाकघर त्यांच्या कार्यकक्षेत येत नाही, हे पत्नीने माझ्यासमोर लिहून घेतले. तिखटाच्या डब्यावरची चिठ्ठी तेवढी त्यांनी राहू दिली.

हाच उपाय सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही. ३० वर्षे वर्ग सांभाळलेल्या एका शिक्षिकाबाईंना आता कोणी आपली वाट पाहू नये, एवढेच हवे होते, आणि त्यांचे ते म्हणणे रास्त होते.

या गृहस्थांची दुपारचे चार वाजताची वेळ अजून सुटलेली नाही. कार्यालयात तेव्हा चहा यायचा आणि सगळ्या टेबलांवरची माणसे एकमेकांकडे वळायची. घरी चहा वेळेवर मिळतो. तरी चार वाजले की ते फाटकापर्यंत जाऊन परत येतात. पुढच्या भेटीत आम्ही त्याविषयी बोलणार आहोत.