सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात

प्रश्न : शेजारचा १६ वर्षांचा मुलगा मोटारसायकल चोरीत पकडला गेलाय. आईवडिलांनी काय करावं?

उत्तर : आधी वयाचा पुरावा घेऊन ठाणं गाठावं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तरच नगरपालिकेचा जन्मदाखला. घोळ इथेच होतो. अंगाने थोराड पोराचं वय अंदाजाने १९ लिहिलं, की रवानगी थेट मोठ्यांच्या कोठडीत! अल्पवयीनाला कोठडी नाही, बेड्याही नाहीत. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे (अल्पवयीनांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळापुढे) न्यावंच लागतं. जामीन हा २०१५च्या बाल न्याय कायद्यात नियमच. गुन्हेगारांची संगत लागेल किंवा मुलाला धोका होईल, अशा कारणांनीच तो नाकारता येतो. म्हणून घरी कोण लक्ष ठेवणार, शाळा कुठली, हे परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला) नीट सांगावं. या अधिकाऱ्याचा मुलाच्या परिस्थितीवरचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत अपेक्षित असतो.