फील्ड रेकॉर्डिंगला 'क्षेत्रीय ध्वनिमुद्रण' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की एका मैफलीच्या पत्रकाचं मराठी करायचंय, त्यात चेलो, ॲकॉर्डियन, लॅपटॉप आणि फील्ड रेकॉर्डिंग्ज (स्टुडिओबाहेर जाऊन भरून आणलेले आवाज) असं सगळं तिघंचौघं मिळून वाजवणारेत, तर फील्ड रेकॉर्डिंगला 'क्षेत्रीय ध्वनिमुद्रण' चालेल का, आणि जमलं तर 'ॲकूस्टिक'चंही (विजेशिवाय वाजणाऱ्या वाद्यांना म्हणतात ते) सांगा.

माझ्या मते नाही चालणार. आपल्याला क्षेत्र म्हटलं की आधी श्रीक्षेत्र आठवतं, मग सातबाऱ्यावरचं क्षेत्र, आणि 'क्षेत्रीय' म्हटलं की थेट महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, पत्रक वाचणाऱ्याला वाटायचं काहीतरी पाणीपट्टीचं प्रकरण आहे. इंग्रजीतलं फील्ड हे फील्डवर्कमधलं, म्हणजे स्टुडिओ सोडून बाहेर पडायचं एवढंच.

पण खरी गोम पुढे आहे. 'जागेवरचं रेकॉर्डिंग' आणि 'जागेचं रेकॉर्डिंग' यात फरक आहे आणि इंग्रजी शब्द दोन्ही एकाच पोत्यात भरतो. गावात जाऊन जात्यावरच्या ओव्या भरून आणल्या तर ते जागेवरचं, तिथे मागे कोंबडा आरवला की रेकॉर्डिंगवाला वैतागतो. तुमच्या मैफलीसारख्या संगीतात बऱ्याचदा कोंबडाच हवा असतो. ल्यूक फेरारी नावाच्या फ्रेंच संगीतकाराने क्रोएशियातल्या डाल्मेशियन किनाऱ्यावरच्या वेला लुका गावातली पहाट टेपवर घेतली आणि 1970 साली त्याची रचना म्हणून मांडली, नावच 'प्रेस्क रियँ', म्हणजे जवळजवळ काहीच नाही! हे जागेचं. उलट पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकन संगीतकार बाईंनी 1988 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वर्डनमध्ये जमिनीखालच्या रिकाम्या टाकीत ॲकॉर्डियन वाजवलं, सोबत एक ट्रॉम्बोनवाला आणि एक गाणारा, आणि आवाज तिथे 45 सेकंद घुमत राहायचा (आपल्या गडांवरच्या टाक्यात तोंड घालून ओरडलेल्यांना थोडी कल्पना येईल). ते जागेवरचं, पण जागाही चौथा वादक असल्यासारखी वाजतेच, म्हणजे माझीच व्याख्या जरा डळमळली, असो.

तुमच्या पत्रकात लॅपटॉपमधून जे वाजणारे ते बहुतेक जागेचं असेल, आणि त्याला मी 'ध्वनिटिपण' म्हणेन. कारण 'मुद्रण'ला छापखान्याचा वास येतो आणि 'टिपणे' आपण रोज वापरतो, पाखरू दाणे टिपतं, टीपकागद शाई टिपतो, कान बरोब्बर हवं ते टिपतो. त्यात निवड आहे आणि बारकाई आहे, जे या कामात असतंच. मी कोकणात मामाकडे पत्र्यावरचा पाऊस फोनवर घ्यायला गेले होते, ऐकताना कळलं की पाऊस ताडताड वाजतोय, पन्हाळीचं पाणी पिंपात धो धो पडतंय आणि या दोन्हीच्या मागे मामीच्या कुकरची तिसरी शिट्टी, आणि ऐकता ऐकता मला ती शिट्टीच जास्त आवडायला लागली. 'टिपण'मुळे वहीतली नोंद आठवते असं कोणी म्हणेल, तर आठवू दे की, तीही नोंदच आहे.

पत्रकात पुढे 'म्युझिक काँक्रेत' आलं तर कृपया 'काँक्रीट संगीत' करू नका, स्लॅब पडल्यासारखं वाटतं. 'मूर्त संगीत' म्हणा. स्वरलिपीपासून सुरुवात न करता प्रत्यक्ष आवाजापासून करायची, म्हणून मूर्त. हे संगीत सुरू करणाऱ्या पिएर शेफरने 1948 मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात आगगाडीची इंजिनं रेकॉर्ड केली तीही तबकड्यांवर, आणि तबकडीवरची खोबण (जिच्यातून पिन फिरते ती) मुद्दाम गोल बंद करून तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवला. म्हणजे आपण ज्याला 'पिन अडकली' म्हणतो ते त्याने हौसेने केलं 😀

ॲकूस्टिकचं सोपं आहे. 'ध्वनिक वाद्य' लिहिलंत तर वाचणारा विचारेल, मग बाकीची मुकी आहेत का? हा शब्द गावरान कोंबडीसारखा आहे. ब्रॉयलर येईपर्यंत कोंबडी नुसती कोंबडीच होती, तशी इलेक्ट्रिक येईपर्यंत गिटार नुसती गिटार. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आल्यावर लोक 'खरा तानपुरा आणलाय का' विचारायला लागले तसंच. पत्रकात सरळ वाद्यांची नावं द्या, वेगळं विशेषण लागतच नाही. गिटार असेल तर 'ॲकूस्टिक गिटार' सगळ्यांना कळतं.

आणि हो, तिघंचौघं आहेत म्हणून 'जुगलबंदी' लिहायचा मोह होईल, पण जुगल म्हणजे जोडी, शिवाय त्यात सवाल-जवाब आले. 'साथ'ही नको, कारण मग मुख्य कलाकार कोण ते सांगावं लागेल आणि इथे तसा कोणी नसतो. 'एकत्र वादन' पुरे.

मी असती तर लिहिलं असतं: 'चेलो, ॲकॉर्डियन, लॅपटॉप आणि ध्वनिटिपणं', आणि पुढच्याच ओळीत ती कसली टिपणं आहेत ते नावानिशी, बंदर, बाजार, पाऊस जे काय असेल ते. ते मात्र वादकांना विचारूनच लिहा.