विद्यार्थी प्रोग्रामिंगला आणि रोजच्या कामाला लिनक्स कसं वापरतात? ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर मला जमेल का?

तू लिहिलंयस की बीएससी आयटीच्या पहिल्या वर्षाला आहेस, ताईचा जुना लॅपटॉप मिळालाय, ४ जीबी रॅम, त्यात विंडोज १०, आणि सर म्हणतायत लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) टाका पण कसं ते कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षाला म्हणजे माझ्यापेक्षा लहानच असणार, म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. मी देवगड तालुक्यातली, कॉलेज रत्नागिरीला झालं, तिन्ही वर्षं लिनक्सवरच काढली आणि आता कामालाही तेच आहे.

चालेल. लिनक्सचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यातलं लिनक्स मिंट घे, त्याचं एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) वालं. उबंटू पण चांगलंय पण ४ जीबीत ते जरा जड जातं, मिंट २ जीबीवर पण उठतं. आणि तसंही विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठराविक नवे प्रोसेसर लागतात, म्हणजे ताईच्या लॅपटॉपला बहुतेक दार बंदच. पण एक आधीच सांगते, लिनक्स म्हणजे जादू नाही. ४ जीबीत ब्राउझरचे पंधरा टॅब उघडलेस तर ते पण धापा टाकणार. माझा लॅपटॉप सेकंडहँड होता, आंब्याचा सीझन संपल्यावर बाबांनी घेऊन दिलेला, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. पहिल्या वर्षाच्या शेवटी पैसे साठवून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली आणि खरा फरक तेव्हा पडला, लिनक्स टाकल्यावर पडला त्याच्यापेक्षा जास्त. पैसे एकाच गोष्टीला असतील तर ते तिथे घाल.

सुरुवात मात्र इन्स्टॉल करून करू नकोस. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घे, रुफस नावाच्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरने त्यावर मिंटची फाईल चढव (३ जीबीच्या आसपास असते, रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ती उतरवायला दोन दिवस जातात, त्यापेक्षा कॉलेजच्या लॅबमधून किंवा सीनियरकडून घे) आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू कर. डिस्कला हात न लावता अख्खं लिनक्स समोर येतं. तिथे बघायचं वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड नीट आहे का, स्क्रीनचा उजेड कमीजास्त होतोय का. हे सगळं जमलं तर निम्मं टेन्शन गेलं.

मी हे काहीच केलं नव्हतं. व्हिडिओ बघत बघत नेक्स्ट नेक्स्ट करत गेले आणि "इरेज डिस्क" वर टिचकी मारली. मला वाटलं जुनं लिनक्स असेल तर ते पुसतंय, तर ते सगळंच पुसतं. बाबांचा तीन सीझनचा हिशोब त्यात एक्सेलमध्ये होता, वाशीला किती पेट्या गेल्या, कुणाचं येणं बाकी, सगळं. मी दोन दिवस सांगितलंच नाही. मग जेवताना सांगितलं तर बाबा उठले, फळीवरची लाल वही आणली आणि म्हणाले ह्यात आहे, कम्प्युटरवर मी कधी भरवसा ठेवला होता? मे महिन्यात बसून मी सगळं परत भरलं, आणि तेव्हापासून बॅकअप म्हटलं की मला ती वहीच दिसते.

तर तू विंडोज ठेवूनच शेजारी लिनक्स टाक. आधी विंडोजमध्ये जाऊन डिस्क मॅनेजमेंटमधून ४०-५० जीबी जागा रिकामी कर, फास्ट स्टार्टअप बंद कर (चालू राहिलं तर विंडोजची डिस्क लिनक्समधून फक्त वाचता येते, लिहिता येत नाही), आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघ, असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, नंतर ती मागितली आणि नसली तर फाईली गेल्याच समज. दोन्ही सिस्टिम एकत्र असल्या की एक गंमत होते, विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे जातं. लॅपटॉप बिघडलेला नसतो. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनविचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" एवढं लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) दिलं की भांडण मिटतं. (कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टाइप अर्थात इंग्रजी अक्षरात करायची.)

आता प्रोग्रामिंग. आमच्याकडे सी शिकवायला टर्बो सी होतं, निळी स्क्रीन, नव्वदच्या आसपासचं सॉफ्टवेअर, तुमच्याकडे पण बहुतेक तेच असेल. जर्नलमध्ये फॅक्टोरियलचा प्रोग्राम होता. लॅबमध्ये मी ८ टाकले, उत्तर आलं -२५२१६. गुणाकार करत गेलो आणि उत्तर उणे आलं? बाजूच्या मुलीचं पण तेच, आम्ही दोघींनी ५ टाकून १२० लिहिलं आणि गप्प बसलो. रूमवर येऊन तोच प्रोग्राम जीसीसीवर (लिनक्सवरचा सीचा कंपायलर) चालवायला गेले तर आधी चालेचना, म्हणे कोनिओ डॉट एच नावाची फाईल नाही. ती डॉसच्या जमान्यातली, लिनक्सवर नसतेच. ती ओळ काढली, क्लिअरस्क्रीन आणि गेटच काढलं, व्हॉइड मेन चं इंट मेन केलं, आणि ८ ला ४०३२० आलं. मग कळलं की टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांकाचा डेटा टाइप) २ बाइटचा असतो, ३२७६७ च्या वर गेलं की पलटी खातो, आणि जीसीसीत ४ बाइटचा. पण म्हणून जीसीसी शहाणं असं नाही, १३ टाकून बघ, १९३२०५३५०४ येईल, दिसायला अगदी सभ्य पण चूक. मला डेटा टाइप त्या रात्री कळले, वर्गात पाठ केलेले तोपर्यंत.

सवय एकच लाव, जीसीसीला नेहमी "डॅश डब्ल्यू ऑल" लावून चालवायचं. मग स्कॅनएफमध्ये अँडचं चिन्ह विसरलीस तरी ते आधीच ओरडतं, नाहीतर प्रोग्राम चालवल्यावर नुसतं सेगमेंटेशन फॉल्ट येतं आणि तू बसतेस शोधत. लिनक्सवर आलेल्या बऱ्याच मुलांना हेच झेपत नाही, लाल अक्षरं दिसली की घाबरून फोटो काढून ग्रुपवर टाकतात. अगं पहिली ओळ वाच की, ओळ नंबर पण लिहिलेला असतो त्यात.

पायथन आधीच असतं. फक्त पिपने (पायथनची जादा पॅकेजं टाकायची कमांड) काही टाकायला गेलीस तर आता मिंट आणि उबंटू दोन्ही अडवतात, म्हणतात ही सिस्टिमची जागा आहे. नेटवर उपाय सापडतो की जबरदस्ती करा, ते करू नकोस, सिस्टिमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हीएन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) कर, दोन ओळींचं काम. जावाला फाईलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर सांभाळ, विंडोजला मेन आणि मोठ्या एमचं मेन सारखंच वाटतं, लिनक्सला ती दोन वेगळी माणसं. मायएसक्यूएल (डेटाबेस) टाकल्यावर रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड काय म्हणून सगळे रडतात, पासवर्ड नसतोच, "सुडो मायएसक्यूएल" म्हटलं की आत. व्हीएस कोड चालतं पण ४ जीबीत जीनी नावाचा साधा एडिटर बरा. शिकायला आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघ, लिनक्स, सी, लिब्रेऑफिस सगळं मराठी आवाजात आहे, छोटे छोटे व्हिडिओ, एकदा डाउनलोड केले की रेंज नसली तरी बघता येतात.

रेंजवरून आठवलं. जुलैची रात्र, मी घरी आलेली, बाहेर धो धो, आणि मी शहाणी अपडेट लावून बसले. बॅटरी मेलेली, लॅपटॉप चार्जरवरच जगायचा. लाईट गेली. दीड तासाने आली तेव्हा चालू केलं तर काळी स्क्रीन आणि वर पांढऱ्या अक्षरात नुसतं लॉगिन. ना चित्र ना माऊस. पडवीतून आजी विचारते, "काय गो, मेलो काय तुझो डबो?" मला रडू यायचं बाकी. मोबाईलला रेंज फक्त मागच्या गडग्याजवळ, तिथे एवढ्या पावसात कोण जाणार. आजी म्हणाली, "सकाळी बघ, आता गप झोप." पण झोप कुठली. तिथेच नाव-पासवर्ड टाकला, आत गेले, परत अपडेटची कमांड दिली तर ती म्हणाली डीपीकेजी (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम) मध्येच थांबलंय, आणि पुढे काय टाइप करायचं ती अख्खी कमांडच लिहून दिलेली, "सुडो डीपीकेजी डबल डॅश कॉन्फिगर डॅश ए". जसंच्या तसं टाइप केलं. दहा मिनिटं ओळी सरकत राहिल्या, रीस्टार्ट केला, डेस्कटॉप हजर. नेट नाही, कुणी सांगणारा नाही. तेव्हापासून पावसाळ्यात बॅटरी नीट असल्याशिवाय अपडेट लावत नाही, आणि तू पण लावू नकोस, आपल्याकडे लाईटीचा काय भरवसा ते तुला मी सांगायला नको.

रोजच्या कामाचं म्हणशील तर ब्राउझर आला की ऐंशी टक्के काम आलं, स्कॉलरशिपचे फॉर्म, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब, सगळं तिथेच. प्रोजेक्ट रिपोर्ट लिब्रेऑफिसमध्ये होतो, मात्र झेरॉक्सच्या दुकानात कधीही डॉक्स फाईल घेऊन जायचं नाही, त्याच्याकडे उघडली की टेबल एका पानावर आणि त्याचं नाव दुसऱ्या पानावर. पीडीएफ करून न्यायची. माझ्या ब्लॅक बुकच्या (शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट) चौतीस प्रिंट अशा वाया गेल्यात, आणि दुकानवाल्याने पैसे पूर्ण घेतले. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट आहेच, इंग्रजीसारखं उच्चाराने टाइप करायचं असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं टाक. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या फाईली आल्या तर मात्र कचरा दिसणार, तो फॉन्ट टाकावाच लागतो. आणि टर्मिनलमध्ये मराठी लिहायला जाऊ नकोस, माझ्याकडे वेलांट्या एकीकडे अक्षरं एकीकडे पडतात, फोल्डरला "रत्नागिरी" नाव देऊन बघ, तुला पण कळेल.

विंडोज ठेव म्हटलं ते उगाच नाही. ऑनलाइन परीक्षेला ब्राउझर कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर असतं ते बरेचदा फक्त विंडोजवरच चालतं, ऑटोकॅड, टॅली यांचं पण तसंच. माझ्या मैत्रिणीने वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टॅली चालवायला अख्खा गणपतीचा आठवडा घातला, शेवटी काकांच्या कम्प्युटरवर केलं.

पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर वायफाय दिसलं नाही तर लगेच बंद करू नकोस, काही वायफाय चिपचा ड्रायव्हर नंतर टाकावा लागतो आणि तो उतरवायला नेटच लागतं, असा घोळ. अँड्रॉइड फोन केबलने जोड, यूएसबी टेदरिंग चालू कर, नेट लगेच येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघ. तरी नाही झालं तर टर्मिनलमध्ये "एलएसपीसीआय" दे आणि नेटवर्क कंट्रोलर लिहिलेली ओळ मला पाठव, शनिवारी मोकळी असते, बघते.