बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांच्या, भाषेत कापणी-मळणी म्हणजे नेहमी विनाशच का?

नेहमी नाही. कापणी म्हणजे शिक्षा, खळं म्हणजे संहार असा तक्ता करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. आधी शेतात कोणतं काम चाललंय ते बघा.

यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 28व्या अध्यायाचा शेवट घ्या. यरुशलेमचे पुढारी टवाळी करताहेत, अश्शूर या बलाढ्य साम्राज्याचं संकट दाराशी आहे. नाशाची ताकीद देऊन यशया त्यांना थेट रानात नेतो. पेरायचंय म्हणून कुणी वर्षभर नुसतं नांगरतच बसतं का? ढेकळं फोडून रान सारखं झालं की शेतकरी कलौंजी-जिरं फोकतो, गहू ओळीने पेरतो. पुढे मळणी. कलौंजीवरून दातेरी फळी ओढत नाहीत, जिऱ्यावरून गाडीचं चाक नेत नाहीत. ती काठीने झोडपायची. गहू मळतात, पण तोही किती मळायचा याला मर्यादा असते. आमच्या खळ्यावर बैलांची पात फिरायची, पण धने आजी अंगणात काठीनेच बडवायची, त्यामुळे हा उतारा मला टिपांशिवाय कळला. देवाच्या शिक्षेचंही तसंच: मार आहे, पण मालाप्रमाणे आणि बेताने, कारण दाणा हवा आहे.

उलट मीखा या दुसऱ्या संदेष्ट्याच्या 4थ्या अध्यायात राष्ट्रं पेंढ्यांसारखी खळ्यात गोळा होतात आणि मळणाऱ्या सियोनेला, म्हणजे यरुशलेमला, लोखंडी शिंगं, पितळी खूर मिळतात. तिथे मात्र संहारच.

आमोस या संदेष्ट्याच्या 8व्या अध्यायातली फळांची टोपली भाषांतरात निम्मी हरवते. उन्हाळी फळांना हिब्रूत 'कायित्स', शेवटाला 'केत्स'. देव विचारतो, काय दिसतं? आमोस म्हणतो, कायित्सची टोपली. मग इस्राएलचा केत्स आला, असं देव म्हणतो. ही नुसती कोटी नव्हे. इस्राएलमधल्या गेझेर या प्राचीन शहराच्या जागी 1908 साली सापडलेल्या छोट्या शिलालेखात वर्षाचे महिने शेतकामांवरून मोजलेत आणि शेवटचा महिना याच फळांचा आहे. टोपली भरली म्हणजे वर्ष सरलं. शिवाय आमोस स्वतः गुरं आणि उंबराच्या जातीची झाडं सांभाळणारा.

वाचताना आपला मृग मात्र डोक्यातून काढा. तिकडे इस्राएलात पाऊस हिवाळ्यात पडतो, जव एप्रिलच्या सुमारास कापतात. आमोसच्या 4थ्या अध्यायातल्या 7व्या वचनात कापणीला तीन महिने असताना पाऊस अडवल्याचं येतं. म्हणजे पेरणी होऊन गेलेली, पीक ऐन वाढीत उभं.